कडू पाणी कुठे ओतायचं

चैत्र सरत आला की लोणावळ्यात, तुंगार्लीतल्या आमच्या गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांना धुराचा वास लागतो. खालच्या गावांतून राब भाजायला सुरुवात झालेली असते. भाताचं रोप जिथे तयार करायचं त्या तुकड्यावर शेणी, फांद्या, पालापाचोळा आणि वर थोडी माती असे थर रचायचे आणि पेटवून द्यायचे, म्हणजे राब. मागच्या रविवारी शेजारच्या बंगल्यात उतरलेल्या एका गृहस्थांनी खालून मला विचारलं, "मॅडम, डोंगराला आग लागलीय का? फायर ब्रिगेडला फोन करू?" मी नको म्हटलं. पण राब म्हणजे काय, ते सांगायचा कंटाळा आला. हल्ली मला काहीही सांगायचा फार कंटाळा येतो. मी कपडे काढले, पुन्हा पाण्यातून पिळून काढले आणि पुन्हा तिथेच, त्याच धुरात वाळत घातले.

या वासात माझा एक हंगाम अडकून पडला आहे. सहा वर्षं झाली त्याला. पौषापासून आषाढापर्यंतचे सहा-सात महिने, बस. माणसाच्या छप्पन्न-सत्तावन्न वर्षांत सात महिने म्हणजे काय मोठंसं? पण काही दिवस आपल्या जागेवरून हलतच नाहीत. घरातलं जड कपाट जसं, प्रत्येक वेळी झाडताना त्याच्याभोवतीनं झाडायचं.

तेव्हा मी घोरावाडी स्टेशनपासून पाच मिनिटांवरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये काम करत होते. लाकडापासून इथेनॉल करायचं, गाड्यांच्या इंधनात मिसळायला, असा तिथला उद्योग होता. अजून लहान प्रमाणावर, करून बघण्यापुरता. लाकडात साखर असते असं सांगितलं की लोक हसतात. नातेवाईक तर लग्नकार्यात मुद्दाम विचारायचे, "काय शोभा, दारू झाली का तयार?" पण असते साखर. फक्त ती अशी घट्ट बांधलेली असते की लाकडाचे बारीक तुकडे करून, थोडं आम्ल घालून, वाफेच्या दाबाखाली शिजवल्याशिवाय सुटत नाही. ज्या भांड्यात ते शिजायचं त्याला शेडमधले सगळे कुकरच म्हणत. आणि शिजून जो तपकिरी रस निघायचा त्याला काढा.

त्या काढ्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. करपलेले बदाम, त्यात थोडं व्हिनेगर, आणि मागे कुठेतरी ओल्या सरपणाचा धूर. तो वास हेच आमचं दुखणं होतं. लाकूड शिजताना साखर सुटते, पण एकटी सुटत नाही. साखरच थोडी जास्त शिजून तिचं फरफ्युरल नावाचं रसायन होतं, लाकडातून व्हिनेगरचं आम्ल निघतं, आणि लाकडाला ताठ ठेवणारा जो चिवट भाग असतो त्याचे तुकडे पाण्यात उतरतात. हे सगळं यीस्टला विषासारखं. आम्ही काढा थंड करायचो, यीस्ट टाकायचो, टाकीतून निघणाऱ्या नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवायचो आणि समोर स्टूल टाकून बसायचो. यीस्ट साखर खाऊ लागलं की बाटलीत बुडबुडे येतात. आमच्या बाटलीत बुडबुडा म्हणून यायचा नाही. त्या हिवाळ्यात मी बाटलीकडे बघत जितके तास बसले, तितके माझ्या स्वतःच्या लेकीच्या अभ्यासाजवळ बसले नसेन.

आमचे साहेब आठवड्यातून दोनदा पुण्याहून येत. स्वभावानं बरे, पण घाईत असलेले. ते म्हणत, "दोनच रस्ते आहेत, शोभाताई. एक तर विष काढा, नाहीतर यीस्टला सवय लावा." सवय लावायची म्हणजे आधी साध्या साखरेत चमचाभर काढा, मग दोन चमचे, मग अर्धी वाटी, असं करत करत जे यीस्ट टिकेल तेवढंच पुढे न्यायचं. त्याला वेळ लागतो. वेळ नव्हता, कारण आषाढात वरचे लोक पाहणीला येणार होते आणि शेड चालू ठेवायची की कुलूप लावायचं ते तेव्हाच ठरणार होतं. म्हणून आम्ही पहिला रस्ता धरला. चुना. काढ्यात चुना घालायचा, लिटमसची पट्टी गडद निळी होईपर्यंत, मग कोमट ठेवायचा, आणि खाली जो गाळ बसेल तो गाळून टाकायचा. बरंच विष त्या गाळाबरोबर जातं, काही चुन्यानं मोडतं. चुना कमी पडला तर विष राहतं आणि जास्त झाला तर साखरही जाते. शेडमधले ऑपरेटर हसायचे, म्हणायचे, मॅडम आता सगळ्या कंपनीला चुना लावणार. मीही हसायचे.

याच दिवसांत एका रविवारी मी कार्ल्याला गेले होते. कार्ला माझं माहेर. वडील रेल्वेत गँगमन होते. आमचं घर बुद्धविहाराच्या बाजूला आणि बबनआबांचं गावठाणात, पण शेताचा बांध मात्र एक. आमच्या दोन भातखाचरांना लागून त्यांची सहा. वडील गेल्यावर आमची खाचरंही आबाच कसायला लागले आणि दरवर्षी न चुकता आमच्या वाट्याचं भात घरी पोचवू लागले. लहानपणी राब पेटवायला मी त्यांच्या मागे मागे असायचे. वाऱ्याच्या तोंडाला काडी लावायची नाही, हे मी त्यांच्याकडून शिकले. वारा ज्या बाजूला जातो त्या बाजूनं लावायची, म्हणजे आग वाऱ्याला सामोरी, सावकाश चालते आणि माती नीट भाजते. वाऱ्याबरोबर लावली तर वरवरचं भर्रकन जळून जातं आणि खालचं तण तसंच राहतं.

त्या रविवारी आबांच्या पडवीत हौसामावशी, म्हणजे आबांची बायको, कडू करांदे शिजवत होत्या. रानात वेलाला लागणारे हे कंद गोडही असतात, पण मावशींना हौस कडूंचीच. काप करून राखेच्या पाण्यात उकडायचे, ते पाणी ओतून द्यायचं, पुन्हा पाणी, पुन्हा ओतून द्यायचं, असं तीन-चारदा. मी चुलीपाशी बसून त्यांना माझं काम सांगितलं. राखेच्या जागी चुना आणि करांद्याच्या जागी लाकूड, एवढाच फरक. त्यांना फार मजा वाटली.

"म्हंजी तू बी करांदंच शिजवतीस की," त्या म्हणाल्या. "येवडं शिकून सवरून."

मग पातेलं उचलून त्या परसात गेल्या. मोरीत ओतलं नाही, झाडाच्या बुंध्यातही नाही. पार कुंपणापलीकडच्या घळीपर्यंत गेल्या. सांधे दुखत असतानाही. परत आल्यावर मी म्हटलं, "एवढ्या लांब कशाला, मावशी?"

"पयलं पानी लय कडू आसतं. कोंबड्या पित्यात, झाडाला बाधतं. कडू काडायचं सोप्पं हाय गं. त्ये वतायचं कुटं, त्येच बगावं लागतं."

मी ते ऐकलं. अगदी नीट ऐकलं. मग वाटीभर करांदे खाल्ले आणि लोकल पकडून घरी आले.

फाल्गुनात आम्हाला लाकूड कमी पडायला लागलं. साहेबांना पाहणीत दाखवायचं होतं की इथलंच, मावळातलं लाकूड चालतं. राबासाठी दरवर्षी ऐनाच्या, किंजळीच्या फांद्या तोडतात, त्या जाळण्याऐवजी आम्हाला मिळाल्या तर धूर वाचेल, इंधन मिळेल, शिवाय गाळ राखेऐवजी शेतात जाईल. काहीच वाया जाणार नाही. 'काहीच वाया जाणार नाही' हे वाक्य अहवालात मीच लिहिलं. लिहिताना बरं वाटलं होतं. असं वाक्य लिहून झालं की माणूस चहा मागवतो.

पण सुरुवात कोणीतरी करायला हवी होती. मी आबांकडे गेले.

आबांच्या त्या वर्षीच्या राबात काय जाणार होतं, ते मला ठाऊक होतं. सगळं गाव इंद्रायणी लावतं. आबा मात्र एका कणगीत आंबेमोहराचं स्वतःचं बियाणं राखून होते, त्यांच्या आजोबांपासून चालत आलेलं. भात शिजायला लागलं की आमच्या घरापर्यंत वास यायचा. उंच वाढतं, वाऱ्यात आडवं पडतं, उतारा कमी, म्हणून बाकीच्यांनी सोडून दिलं होतं. लागोपाठ दोन वर्षं पीक आडवं झाल्यानं आबांच्या कणगीत तळाला थोडंच बी उरलं होतं, आणि ते सगळं त्या वर्षी पेरायचं होतं. एक वर्ष आणखी ठेवलं तर उगवणार नाही, असं ते म्हणत. थोडक्यात, ते रोप गेलं की ते बियाणं गेलं. आख्ख्या शिवारात दुसरीकडे कुठे नव्हतं.

"फांद्या मला द्या, आबा," मी म्हटलं. "राखेच्या जागी मी तुम्हाला गाळ देते, चुन्याचा. मी तपासलाय."

आबांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. विचार करायचा असला की ते टोपी काढत.

"राखंवानी काम करंल?"

"करेल."

"तू म्हनतीस तर घे."

मावशी दारातच उभ्या होत्या. त्यांनी फांद्यांच्या दोन-तीन मोळ्या बाजूला ओढल्या आणि म्हणाल्या, "येवड्या न्हाई द्यायच्या. मला चुलीला लागत्यात." मला थोडा राग आला होता, हे आठवतं. जुनी माणसं, विश्वासच ठेवत नाहीत, असं काहीतरी मनात आलं होतं.

मी तपासला होता, हे खोटं नव्हतं. पहिल्या खेपेचा मूठभर गाळ मी प्रयोगशाळेत तीनदा स्वच्छ पाण्यानं धुतला, वाळवला, पट्टी लावून बघितली. ट्रेमध्ये त्यात भाताचे दाणे टाकले, ते उगवले. तो धुतलेला गाळ रांगोळीसारखा पांढरा झाला होता. काचेच्या बरणीत भरून मी तो टेबलावर ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला. पोती भरून गाळ धुवायला मात्र पाणी लागणार होतं, आणि वैशाखात आमच्या शेडला टँकर दिवसाआड यायचा. शेवटच्या आठवड्यात चार दिवस आलाच नाही. पाण्याअभावी हातसुद्धा फडक्याला पुसत होतो.

नेमके त्यातल्याच एका दिवशी आबा टेम्पो घेऊन आले. टेम्पो शेजाऱ्याचा, संध्याकाळपर्यंत परत द्यायचा होता. त्यांनी हात धुवायला पाणी मागितलं, मी नाही म्हटलं, आज टँकर नाही. मग ते टेबलापाशी आले, बरणी उचलून उजेडात धरली. नंतर बाहेर गेले, एका पोत्याचं तोंड उघडलं, चिमूटभर गाळ बोटांत चोळला, वास घेतला. मी दारातून बघत होते. पोत्यातला गाळ जुन्या गुळाच्या रंगाचा होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"ह्योच का?"

"हाच," मी म्हटलं.

त्या वेळी मी मनाशी काय म्हटलं तेही पक्कं आठवतं. म्हटलं, मावळातला पाऊस आहे. दोन सरींत धुऊन निघेल. टेम्पो परत पाठवला तर पुन्हा कधी मिळणार, पाहणी तोंडावर, फोटो काढायचे आहेत. माणूस स्वतःशी जेव्हा खोटं बोलतो तेव्हा त्यात एवढं खरं मिसळलेलं असतं की चव कळत नाही. पोती चढवली. आबांनी हात फडक्याला पुसून मला नमस्कार केला, दरवेळी करत तसा.

मृगाच्या पेरणीनंतर आठवड्यानं रोप वर आलं. आबांचा फोन आला, आवाजात हसू होतं. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी मावशींचा फोन आला. "यिऊन बगून जा," एवढंच.

हिरवं काय असतं ते मावळात त्या दिवसांत कोणाला सांगावं लागत नाही. डोंगर हिरवे, बांध हिरवे, हायवेच्या दुभाजकातसुद्धा गवत. त्या सगळ्या हिरव्याच्या मध्ये आबांच्या रोपाचा तुकडा पिवळा पडला होता. शेंडे पांढुरके, मुळं आखूड, तपकिरी. मी चिखलात उकिडवी बसले आणि एक रोप उपटलं. मला आणखी काही बघायची गरज नव्हती. चुना जास्त, आणि चुन्याबरोबर आमच्या काढ्यातून काढलेलं सगळं. जे यीस्टला सोसलं नाही ते मी आणून त्या कोवळ्या मुळांना पाजलं होतं.

आबा बांधावर उभे होते, डोक्यावर प्लास्टिकचा कागद.

"बियानंच थकलं आसंल," ते म्हणाले. "म्हातारं झालं, आमच्यावानी."

तिथे मला बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं.

"असेल, आबा," मी म्हटलं.

ते पुढे चालायला लागले. मावशी मात्र थांबल्या आणि मला घरामागे घेऊन गेल्या. चुलीला म्हणून ठेवलेल्या फांद्यांचा त्यांनी तिथे परसातल्या कोपऱ्यात लहानसा राब भाजला होता, दोन सुपांएवढी जागा असेल. कणगीतलं ओंजळभर बी त्यांनी तिथे टाकलं होतं. ते रोप वीतभर वर आलेलं, गर्द हिरवं, वाऱ्यावर हलत होतं. त्यांनी त्यातली एक काडी उपटली, माझ्या हातातल्या पिवळ्या काडीच्या बाजूला ठेवली.

"दोनी येकाच कणगीतलं हाय," त्या म्हणाल्या.

रागावल्या नाहीत. पुढे काही विचारलंही नाही. त्या विचारतील म्हणून मी उभी राहिले, त्या मी बोलेन म्हणून उभ्या राहिल्या असतील. मग पावसाची सर आली आणि आम्ही दोघी पडवीत पळालो. त्यांनी चहा केला.

त्याच आठवड्यात घोरावाडीच्या शेडमधल्या बाटलीत बुडबुडे आले. आधी एक, मग थांबून दुसरा, मग एकामागून एक, अखंड. चुन्यानं धुतलेल्या त्या काढ्यात यीस्ट आनंदानं जेवत होतं. ऑपरेटरनं मला हाताला धरून ओढत नेलं. साहेबांनी पेढे मागवले. इतक्या महिन्यांनी तो आवाज ऐकला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि सगळ्यांना वाटलं आनंदाचं आहे. मी पेढा खाल्ला. पाहणीला आलेल्यांना मी बरणीतला पांढरा गाळ दाखवला. शेत बघायला जाऊ म्हणाले होते, पण पाऊस फार होता, तेव्हा तो बेत राहिला. मला किती हायसं वाटलं, हे लिहायला आज लाज वाटते.

कार्ल्यात एक रीत आहे. लावणी उरकल्यावर उरलेलं रोप मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही. पण मागणाऱ्यानं दुसऱ्याची लावणी संपेपर्यंत थांबायचं. आबांच्या दाराशी वर्षानुवर्षं लोक असे येत आले. त्या आषाढात आबा स्वतः चार घरी फिरले. कुणी कमी दिलं नाही, पण सगळ्यांची लावणी झाल्यावरच त्यांची लावणी लागली, सगळ्यांत शेवटी. सगळ्या खाचरांत इंद्रायणी, चौघांच्या दारची. एका खाचराच्या कडेला मात्र मावशींनी आपल्या परसातलं ते हिरवं रोप लावलं. ओंजळभर बियाण्याचं रोप कितीशी जागा व्यापणार? जरा भरभर चाललं तर चार पावलांत संपायचं.

मी तेव्हा बोलले नाही. पाहणी झाल्यावर बोलेन म्हटलं. पाहणी झाली. दिवाळीत जाईन तेव्हा बोलेन म्हटलं. दिवाळीत घर माणसांनी भरलं होतं. पुढच्या वर्षी आबांनीच हसून मला बसायला पाट दिला, तर आता कशाला उकरून काढायचं, असं वाटलं. साहेब म्हणायचे तो दुसरा रस्ता मी असा धरला. आधी चमचाभर, मग दोन चमचे, मग अर्धी वाटी. सवय होते, टिकतं माणूस. फक्त हल्ली फार दमायला होतं, आणि डॉक्टर म्हणतात रक्त तर ठीक आहे.

शेडचं पुढे काय झालं, तर काही वाईट झालं नाही. आमची पद्धत वरच्या लोकांना पसंत पडली आणि ते ती घेऊन दुसरीकडे, मोठ्या जागी गेले. यंत्रं गेली, साहेब गेले. आता त्या शेडमध्ये चिक्कीचे रिकामे खोके ठेवतात. मी लोणावळ्यात एका लहान प्रयोगशाळेत लागले. विहिरीचं, बोअरचं पाणी तपासून लोकांना सांगते, प्यायचं की नाही. लोक माझ्या सहीवर पाणी पितात.

मावशी दोन वर्षांपूर्वी गेल्या. झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही, असं सगळे म्हणाले. मी तेराव्याला गेले होते. त्यांच्या परसात त्या कोपऱ्यात तेव्हाही भाजलेल्या मातीचा काळा डाग होता.

आणि या चैत्रात, त्या गृहस्थांनी आगीचं विचारलं त्या रविवारनंतर तीनच दिवसांनी, आबांचा फोन आला. "राब भाजायचाय. यितीस का? लय दिस झालं तुला." मी सुट्टी घेतली. कारण काय सांगितलं ते विसरले.

आबा आता वाकले आहेत, काठी आली आहे, पण थर रचायला तेच उभे. मुलगा लोणावळ्यातल्या हॉटेलात कामाला, म्हणून हाताशी नवी सून होती, प्रियांका. देहूकडची मुलगी, चुणचुणीत, शेताची हौस असलेली. तिनं शेणी पसरल्या, मी फांद्या ओढल्या, आबा काठीनं दाखवत होते, हितं कमी हाय, तितं घाल. मावशींच्या त्या हातभर जागेतलं बी आबांनी सहा वर्षं वाढवत आणलं होतं. कधी अर्धं पडलं, कधी पाखरांनी खाल्लं, पण या साली कणगी पुन्हा भरली होती. सगळंच्या सगळं आंबेमोहर. मी कणगीत हात घालून बघितला.

"यंदा राब शोभाच्या पट्टीत," आबा सुनेला सांगत होते. "तितली माती आता झ्याक झालीया."

मी वर बघितलं. "कुठली पट्टी, आबा?"

"ही काय, हितली."

तो तोच तुकडा होता. शेतांना नावं पडतात, चिंचेचं खाचर, वढ्याकडचं खाचर, तसं त्याला पडलं होतं. गावात सगळे तसंच म्हणतात, प्रियांका म्हणाली. दोन पावसांत माती धुऊन निघाली होती, तेवढं माझं म्हणणं खरं ठरलं होतं. नाव मात्र राहिलं होतं.

"आत्या, तुमच्यामुळंच इथं एवढं चांगलं येतं ना?" प्रियांकानं विचारलं. "तुम्ही काय तरी खत दिलं होतं ना कंपनीतून? म्हणून नाव दिलंय?"

तिच्या तोंडावर कौतुक होतं. मला हो म्हणता आलं असतं. आबा फांदीवर माती टाकत होते, वर न बघता.

"नाही गं," मी म्हटलं. "इथं माझ्यामुळं रोप जळलं होतं. आबांचं सगळं बियाणं गेलं होतं. मी गाळ धुवून द्यायचा होता, तो न धुता दिला. माहीत असून दिला. आणि आबा म्हणाले बियाणं थकलं असेल, तर मी हो म्हटलं."

बोलून झालं. इतकीच वाक्यं होती. सहा वर्षं मला वाटत होतं फार मोठं काहीतरी बोलायचं आहे. प्रियांका गोंधळून एकदा माझ्याकडे, एकदा सासऱ्यांकडे बघत राहिली.

आबांनी टोपी काढली.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "बरनीतला पांढरा व्हता, पोत्यातला गुळावानी. पानी न्हवतं तुज्याकडं त्या दिशी. डोळं हायेत की मला."

"मग घेतलंत कशाला, आबा?"

"तू ह्योच म्हनालीस."

मला पुढचं विचारायचं नव्हतं, पण विचारल्याशिवाय राहवेना. "आणि नंतर? एवढी वर्षं काही बोलला नाहीत."

"तू बोलशील म्हनून थांबलो." त्यांनी टोपी झटकली, पुन्हा डोक्यावर घातली. "हौसा बी थांबली व्हती."

घरामागे कुठेतरी कोंबडी ओरडत होती. प्रियांका शेणाचे हात तसेच धरून उभी होती. मी फांद्यांच्या ढिगाऱ्यावर बसले. रडूही आलं नाही. फक्त अंगात काही उरलं नव्हतं. मावशींना सांगायचं राहिलं, हे आता कुठल्याच पाण्यानं धुऊन निघणार नव्हतं.

आबांनी मला बसू दिलं. मग जवळ येऊन काडेपेटी माझ्या हातात दिली.

"ऊठ," ते म्हणाले. "वारा कुटला हाय त्ये बग आदी."